फॉरमॅट मारण्याआधी: जुन्या डीटीपी मशीनसाठी ‘लेगसी अपडेट’चं परीक्षण

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंतच्या छापखान्यांत आणि डीटीपी (संगणकावर पानं लावण्याच्या) सेंटरांत विंडोज ७ची मशीनं अजून रोज चालतात, क्वचित एक्सपीचीही. ती ठेवण्यामागे सबळ कारणं आहेत. पेजमेकर ७ हे पानं लावायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर. त्यात लावलेली हजारो पानं बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये आहेत. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ते चालण्यासाठी मशीनला लावावी लागणारी चावी, जुन्या ड्रायव्हरवर चालतं, आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर बत्तीस बिटांच्या विंडोजपुरताच मिळतो. मशीन बदललं की हे सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं.

अशा मशीनवर एक दिवस विंडोज अपडेट लाल फुली दाखवायला लागतं. अँटिव्हायरसचं नवं व्हर्जन बसत नाही, नव्या ड्रायव्हरची सही पटत नाही, डॉटनेट ४.८ (अनेक प्रोग्रॅमांना लागणारा मायक्रोसॉफ्टचा घटक) अर्ध्यात थांबतं. दुरुस्तीला येणाऱ्याचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: फॉरमॅट मारू.

फॉरमॅटनं हा दोष जात नाही. उलट वाढतो, कारण हातातली विंडोज ७ची डीव्हीडी २००९ची किंवा सर्व्हिस पॅक १सह २०११ची असते. ती टाकली की मशीनचा विश्वासाचा साठा, म्हणजे कुणाच्या सह्या मानायच्या याची यादी, त्या सालात मागे जातो. म्हणून फॉरमॅटचे पैसे मोजण्याआधी ‘लेगसी अपडेट’ हे फुकट, खुल्या सोर्सचं साधन वापरून पाहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे नीट समजून घ्यावं लागतं.

आधी बिघाड समजून घेऊ. मायक्रोसॉफ्टच्या प्रत्येक अपडेटवर डिजिटल सही असते. त्या सहीला एक सर्टिफिकेट हमी देतं, त्या सर्टिफिकेटला वरचं सर्टिफिकेट, आणि साखळीच्या टोकाला रूट सर्टिफिकेट असतं. हे रूट मशीनच्या स्वतःच्या यादीत असेल तरच विंडोज सही मानतं. साखळी तुटते ती चार जागी.

पहिली जागा म्हणजे रूटच नसणं. विंडोज ७ नवी रूट सर्टिफिकेटं गरज पडेल तशी इंटरनेटवरून ओढून घेतं. मशीन वर्षानुवर्षं नेटशिवाय ठेवलं असेल, किंवा ऑफिसच्या फायरवॉलनं ती वाट अडवली असेल, तर यादी जुनीच राहते. एरर ८००बी०१०९ येतो. डॉटनेटचा ऑफलाइन इन्स्टॉलर सर्टिफिकेटची साखळी जुळत नाही म्हणून थांबतो तोही याच कारणानं. त्याला ‘मायक्रोसॉफ्ट रूट सर्टिफिकेट अथॉरिटी २०११’ हे रूट हवं असतं. त्याची मुदत २२ मार्च २०३६पर्यंत आहे. मशीनमध्ये काही संपलेलं नसतं, आलेलंच नसतं.

दुसरी जागा सहीच्या पद्धतीची. पूर्वीच्या सह्या शा-१ पद्धतीच्या होत्या. ती कमकुवत ठरल्यावर मायक्रोसॉफ्टनं २०१९मध्ये विंडोज ७ची अपडेटं फक्त शा-२नं सही करून द्यायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२०मध्ये शा-१वर चालणारे अपडेट सर्व्हरही बंद केले. शा-२ वाचायला शिकवणारं अपडेट केबी ४४७४४१९ हे आहे (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टनं अपडेटला दिलेला क्रमांक). ते नसेल तर मशीन नव्या अपडेटची सही पाहतं, पण ओळखत नाही. एरर ८००९२००४.

तिसरी जागा टीएलएसची, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित बोलणी करण्याच्या पद्धतीची. विंडोज ७मध्ये टीएलएस १.२ आहे, पण अपडेट ज्या घटकातून बोलतं त्यात ते मुळात चालू नसतं. ८००७२ईएफई या एररमागे अनेकदा हे असतं.

चौथी जागा इतकी साधी की तिथे कुणी बघतच नाही: घड्याळ. प्रत्येक सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मशीन २००९ सालात असेल तर आजचं प्रत्येक सर्टिफिकेट त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. एरर ८००७२एफ८एफ दिसला की आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, साल धरून. तारीख बरोबर असेल तर मग टीएलएसकडे वळा.

घड्याळ मागे पडतं ते मदरबोर्डवरचा सेल संपल्यामुळे. तो सीआर २०३२: ३ व्होल्ट, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. नवा सेल मीटरवर ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.७च्या खाली गेला की बदलून टाकावा. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करायची पद्धत आहे. ती चांगलीच आहे, पण मशीनला वीज नसते तितका वेळ घड्याळ पूर्णपणे या सेलवर चालतं, त्यामुळे तो लवकर संपतो. सेल बदलताना पॉवर केबल काढा, छापील अधिक चिन्ह वर ठेवा, आणि सुरू करताच बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख, वेळ आणि हार्ड डिस्कचा मोड बघा. सेल काढल्यावर काही बोर्ड डिस्कचा मोड मूळ सेटिंगवर नेतात, आणि मग विंडोज चालू होताना निळा पडदा येतो. म्हणून सेल काढण्याआधी बायॉसच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. टाइमझोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हाच असावा. सर्टिफिकेटची तपासणी जागतिक वेळेनुसार होते, म्हणून झोन चुकीचा ठेवून काटे हातानं जुळवले तर मशीनची खरी वेळ काही तासांनी चुकते.

आता ‘लेगसी अपडेट’कडे. मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजची अपडेटची वाट बंद केल्यावर ती पुन्हा चालू करण्यासाठी बाहेरच्या लोकांनी बनवलेलं हे साधन आहे. मायक्रोसॉफ्टचा त्याच्याशी संबंध नाही. अपडेटच्या फाइली मात्र मायक्रोसॉफ्टच्याच असतात आणि त्यांच्यावरची सही तुमचं विंडोज स्वतः तपासतं. विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्न इथे रास्त आहे. आमच्या दृष्टीनं हा मुद्दा साधनाच्या बाजूचा आहे: ते सहीची तपासणी बंद करत नाही, ती पुन्हा नीट चालेल अशी व्यवस्था करतं. तपासणीच बंद करायला सांगणारे उपाय इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आम्हाला सगळ्यात आवडला तो त्याचा क्रम. अपडेट शोधायला लागण्याआधी ते पाया भरून घेतं: सर्व्हिस पॅक नसेल तर तो, मग अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचं अपडेट, शा-२चा आधार, रूट सर्टिफिकेटांची ताजी यादी आणि टीएलएसची सेटिंग. हाताने करताना नेमका इथेच गोंधळ होतो, कारण क्रम चुकला की पुढचं अपडेट ‘या मशीनला लागू नाही’ असं सांगून परत जातं आणि माणूस चुकीची फाइल उतरवली समजून तासभर हुडकत बसतो. साधन मधे मशीन रीस्टार्ट करतं आणि पुन्हा लॉगिन केल्यावर जिथे थांबलं होतं तिथून पुढे जातं.

सुरुवात करण्याआधी हार्ड डिस्कचा पूर्ण क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्या. रिस्टोअर पॉइंटवर भागवू नका. पंधरा वर्षांच्या डिस्कवर शेकडो अपडेटं लिहिणं हाच तिच्यावर मोठा ताण असतो. ती मधेच गेली तर पानं, फॉन्ट आणि लॉकची जोडणी सगळंच जातं. सी ड्राइव्हवर निदान २० जीबी जागा मोकळी हवी. मशीन यूपीएसवर हवं आणि दिवस गुरुवार नसावा. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात बहुधा त्याच दिवशी निघतात आणि सर्व्हिस पॅक बसत असताना वीज गेली तर मशीन उठेलच याची खात्री नाही. दिवाळी अंकांचं काम टेबलावर असताना तर हे हाती घेऊच नये. अंक छापून गेल्यावर एखाद्या शनिवारी दुपारी लावावं आणि रविवारवर सोडावं.

इन्स्टॉलर जुन्या मशीनच्या ब्राउझरमधूनही उतरवता येतो. साइट साध्या एचटीटीपीवरही उघडते आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, कारण जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला नवी सुरक्षित जोडणी जमत नाही. आमचा सल्ला वेगळा: विंडोज १० किंवा ११च्या मशीनवर सुरक्षित जोडणीतून उतरवा, तिथेच अँटिव्हायरसनं तपासा आणि पेनड्राइव्हनं न्या. पेनड्राइव्ह रिकामा हवा. गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका ज्यावर ये-जा करतात तो नको.

जुन्या मशीनवर अॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून चालवा. अँटिव्हायरस सुरक्षित जोडण्यांची तपासणी करत असेल तर तेवढा पर्याय तात्पुरता बंद करा. तो मधे स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतो आणि अपडेट सर्व्हरची साखळी तुटते. मग पर्यायांची यादी येते. विंडोज ७वर सगळ्या खुणा तशाच राहू द्याव्यात. पाया भरून झाला की इंटरनेट एक्सप्लोररमध्ये साइट उघडते आणि एक घटक चालवायची परवानगी मागते. ती द्यावी लागते. एक्सपीवर जुन्या विंडोज अपडेटसारखेच एक्सप्रेस आणि कस्टम असे दोन पर्याय दिसतात. कस्टमच घ्या. ड्रायव्हरची अपडेटं सोडून द्या, विशेषतः डिस्प्ले आणि प्रिंटरची. चालू असलेला ड्रायव्हर बदलला तर छपाईचे रंग आणि पानाचे मार्जिन हलू शकतात, आणि ते ध्यानात येतं प्लेट निघाल्यावर. विंडोज ७वर केबी ३०३५५८३ दिसलं तर लपवा. ते विंडोज १०ची जाहिरात करणारं आहे, सुरक्षेशी त्याचा काही संबंध नाही.

पाया भरून झाल्यावर विंडोज ७मध्ये कंट्रोल पॅनेलमधलं मूळचं विंडोज अपडेटही चालायला लागतं. तिथे ‘अपडेट शोधत आहे’ वर मशीन तासन् तास अडकतं, प्रोसेसरचा एक भाग शंभर टक्के भरतो. हा सर्टिफिकेटचा दोष नाही. जुन्या अपडेट क्लायंटला इतकी मोठी यादी झेपत नाही. केबी ३०२०३६९ आणि त्यानंतर केबी ३१७२६०५ बसवलं की शोध मिनिटांवर येतो.

ज्यांना बाहेरचं साधन नकोच आहे त्यांच्यासाठी हाताची वाट अशी आहे. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून नव्या मशीनवर केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ उतरवा, बत्तीस की चौसष्ट बिटांचं हे पाहून. याच क्रमानं बसवा आणि प्रत्येकानंतर मशीन रीस्टार्ट करा. मग टीएलएससाठी केबी ३१४०२४५. यात एक मेख आहे: हे अपडेट फक्त क्षमता देतं, चालू करत नाही. त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ‘डिफॉल्ट सिक्युअर प्रोटोकॉल्स’ ही किंमत घालावी लागते. ती घालणारं छोटं साधन मायक्रोसॉफ्टनं त्याच अपडेटच्या पानावर दिलेलं आहे. बरेच जण केबी बसवून थांबतात आणि काही फरक पडला नाही म्हणतात.

रूटची यादी न्यायची तर विंडोज १० किंवा ११च्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’ला ‘जनरेट एसएसटी फ्रॉम डब्ल्यूयू’ हा पर्याय देऊन सगळी रूट एका एसएसटी फाइलमध्ये घेता येतात. ती जुन्या मशीनवर आयात करताना जी चूक होते ती इतकी सर्रास आहे की नीट सांगायला हवी. फाइल चालू वापरकर्त्यासाठी आयात केली की सर्टिफिकेटं त्या वापरकर्त्याच्या खात्यात जातात. अपडेटची सेवा वापरकर्त्याच्या नावानं चालत नाही, ती सिस्टिमच्या नावानं चालते, आणि वापरकर्त्याचा साठा तिला दिसत नाही. त्यामुळे यादीत रूट डोळ्यांना दिसतं, तरी एरर तसाच येतो. बरोबर पद्धत अशी: रनमध्ये ‘एमएमसी’ लिहा, फाइल मेनूतून स्नॅप-इन जोडा, सर्टिफिकेट्स निवडा, आणि विचारल्यावर ‘कॉम्प्युटर अकाउंट’ घ्या. मग ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज’वर उजवी क्लिक करून आयात करा. साठा आपोआप निवडण्याचा पर्याय घेऊ नका.

याच पानावर आणखी एक मोह होतो. यादीत १९९९मध्ये मुदत संपलेली रूटही दिसतात आणि साफसफाई म्हणून ती काढून टाकावीशी वाटतात. काढू नका. जुन्या सॉफ्टवेअरवरच्या सहीसोबत वेळेचा शिक्का असतो. सही झाली तेव्हा सर्टिफिकेट चालू होतं एवढं सिद्ध झालं की विंडोज ती सही आजही मानतं, पण त्यासाठी ते संपलेलं रूट यादीत असावं लागतं. काढलं तर जुन्या ड्रायव्हरांच्या आणि प्रोग्रॅमांच्या सह्या अमान्य ठरू शकतात.

सगळं करूनही अपडेट अडलं तर विंडोजच्या फोल्डरमधली ‘विंडोजअपडेट’ नावाची लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटून वर ‘८००बी’ शोधा. विंडोज ७मध्ये ती साधी वाचता येते. एररच्या आधीच्या ओळींत कोणत्या फाइलची सही पटली नाही ते लिहिलेलं असतं. ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ फोल्डरचं नाव बदलण्याचा उपाय दुकानांत पहिल्यांदा केला जातो. त्यानं फक्त उतरवलेला अर्धवट माल साफ होतो. साखळी तुटलेली असताना त्याचा उपयोग नाही. साखळी जुळल्यावर एकदा करावा, कारण आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचे तुकडे तिथे राहिलेले असतात.

साधनाच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि त्या झाकून उपयोग नाही. ते अपडेटची वाट दुरुस्त करतं, नवी अपडेटं निर्माण करत नाही. विंडोज ७चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, एक्सपीचा एप्रिल २०१४मध्ये. त्यानंतर सापडलेली भोकं उघडीच राहतात. नेटबँकिंग, जीएसटी भरणा, गिऱ्हाइकांची मेल ही कामं या मशीनवर करू नयेत. ब्राउझर चालतोय म्हणून मशीन ठीक आहे असं समजू नका, कारण फायरफॉक्स स्वतःची रूट यादी स्वतः बाळगतो आणि विंडोजच्या यादीवर अवलंबून नसतो. त्याचं स्वतःचंही सर्टिफिकेट संपतं. १४ मार्च २०२५ रोजी त्याचं एक रूट संपलं आणि फायरफॉक्स १२८च्या आधीच्या, तसंच दीर्घ आधाराच्या ११५.१३च्या आधीच्या व्हर्जनांना त्याचा फटका बसला, विशेषतः अॅड-ऑनना. विंडोज ७वर फायरफॉक्स ठेवायचा तर ११५चीच दीर्घ आधाराची मालिका ठेवा. क्रोम तिथे १०९वर थांबला आहे.

एक्सपीबद्दल आमचं मत कमी उत्साहाचं आहे. साधन तिथेही चालतं, पण अपडेट करून पदरात पडतं फार थोडं. फक्त लॉक चालवण्यासाठी एक्सपी ठेवलं असेल तर त्याची नेटची वायर काढून टाकणं जास्त सुरक्षित. विंडोज ७च्या मशीनसाठी मात्र आम्ही ते निःशंक सुचवू, निदान ड्रायव्हर, डॉटनेट आणि अँटिव्हायरस पुन्हा बसण्यापुरतं तरी. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं असेल तर आधी फोनवर दोनच प्रश्न विचारा: एरर कोड काय आहे हे तो विचारतो का, आणि शा-२चं अपडेट त्याला माहीत आहे का. दोन्हीला नकार असेल तर डिस्क त्याच्या हातात देऊ नका.

नवं मशीन घेतलेल्यांनीही एक नोंद ठेवावी. सुरक्षित बूटसाठी (मशीन सुरू होतानाच्या सह्यांच्या तपासणीसाठी) वापरलेली मायक्रोसॉफ्टची २०११ची सर्टिफिकेटं जून २०२६पासून टप्प्याटप्प्यानं संपतात, त्यांची जागा २०२३ची घेतात. ती न मिळालेलं मशीन बंद पडत नाही, पण बूटच्या पातळीवरची पुढची सुरक्षा अपडेटं त्याला मिळत नाहीत. विंडोज अपडेट चालू ठेवावं, मशीन बनवणाऱ्या कंपनीचं बायॉस अपडेट असेल तर ते घ्यावं, आणि त्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

काम झाल्यावर जुन्या मशीनचा पुन्हा एक क्लोन घ्या आणि त्यावर तारीख लिहा. पुढच्या वेळी डिस्क गेली तर २०११च्या डीव्हीडीकडे परत जावं लागणार नाही.